मोटरवर फिरणाऱ्या डिशचा सिग्नल क्षीण झाला, तर : वहीपासून शेवटच्या नटापर्यंत

एका जागी खिळलेल्या डिशचा सिग्नल कमी झाला, तर कारणांची यादी आखूड असते. डिश वाऱ्याने हलली असेल, केबलमध्ये पाणी शिरले असेल, नाहीतर एलएनबी, म्हणजे डिशने गोळा केलेला सिग्नल वाढवून केबलमध्ये सोडणारा भाग, निकामी झाला असेल. मोटरवर फिरणारी डिश मात्र विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर रांगेने उभ्या असलेल्या अनेक उपग्रहांकडे आळीपाळीने वळते, आणि तिच्या बसवणीत जी चूक असेल ती प्रत्येक उपग्रहापाशी वेगवेगळ्या प्रमाणात प्रकट होते. हे लक्षात न घेता जो थेट पाना घेऊन गच्चीवर जातो, तो बहुधा एक उपग्रह मिळवतो आणि चार घालवतो. पुण्यातल्या माझ्या गच्चीवर मी नेमके हेच केले होते. १०५.५ अंश पूर्वेचा उपग्रह क्षीण मिळत होता, म्हणून तेथे डिश थांबवून सिग्नल वाढेपर्यंत तिचा उंचीचा कोन बदलला. तो उपग्रह उत्तम लागला, परंतु पश्चिमेकडचे सगळे नाहीसे झाले आणि पूर्वस्थितीवर यायला तीन रविवार गेले.

या लेखात दोन प्रकारच्या डिशचा विचार केला आहे. पहिली सी-बँडची सहा ते आठ फुटी जाळीची छत्री, जी ३६ व्होल्टच्या अ‍ॅक्च्युएटरने, म्हणजे लांब-आखूड होणाऱ्या दांड्याने फिरते. दुसरी कू-बँडची, म्हणजे सी-बँडहून वरच्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्याची, ९० ते १२० सेंटिमीटरची ऑफसेट (फीड मध्याच्या समोर नसलेली) डिश, जी रिसीव्हरच्याच केबलवरून आज्ञा घेणाऱ्या डायसेक मोटरवर बसवलेली असते. उदाहरणातील कोन पुण्याचे, म्हणजे १८.५ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९ अंश पूर्व रेखांश येथले आहेत.

आधी वही, मग पाना

गच्चीवर जाण्यापूर्वी एका कागदावर पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत मिळणाऱ्या उपग्रहांची नावे लिहावीत आणि प्रत्येकावरच्या एका उभ्या व एका आडव्या ध्रुवीकरणाच्या (लहरीच्या आंदोलनाच्या दिशेच्या) ट्रान्सपाँडरची, म्हणजे वाहिन्यांचा एक गट पाठवणाऱ्या उपग्रहावरच्या प्रक्षेपकाची, गुणवत्ता नोंदवावी. रिसीव्हर दोन आकडे दाखवतो. त्यातला ‘स्ट्रेंग्थ’ हा आकडा केबलमधून येणाऱ्या एकूण ऊर्जेचा असतो, आणि त्यात गोंगाटही मोजला जातो. एलएनबीला नुसती वीज मिळत असली, तरी तो बऱ्यापैकी दिसतो. चित्र लागणार की नाही, हे ठरवतो तो ‘क्वालिटी’चा आकडा. तो डेसिबलमध्ये मिळत असेल तर फारच चांगले, कारण टक्केवारी प्रत्येक कंपनीची आपापली असते आणि दोन रिसीव्हरांच्या टक्क्यांची तुलना निरर्थक ठरते.

ही नोंद नीट वाचली, तर निम्मे निदान घरात बसून होते. सगळे उपग्रह सारख्याच प्रमाणात क्षीण असतील, तर दोष केबल, एलएनबी, फीडहॉर्न (सिग्नल एलएनबीत घेणारे तोंड) किंवा छत्रीच्या आकारात आहे; मोटर आणि कोन यांना हात लावण्याचे कारण नाही. मधले उपग्रह उत्तम आणि दोन्ही टोकांचे क्षीण असतील, तर डिश ज्याभोवती फिरते त्या अक्षाचा कल आणि डिक्लिनेशन (अक्षाच्या काटकोनापासून डिश आणखी खाली झुकवण्याचा कोन) यांची विभागणी चुकली आहे. एका टोकाचे चांगले आणि दुसऱ्या टोकाचे वाईट असतील, तर संपूर्ण माउंट, म्हणजे डिश खांबावर धरणारा सांगाडा, खऱ्या दक्षिणेपासून वळलेला आहे. सगळेच उपग्रह हरवले, पण मोटर थोडी पुढे-मागे केल्यावर सगळे सापडतात, असे होत असेल, तर मोटरचे मोजमाप सरकले आहे. एकाच ध्रुवीकरणाच्या वाहिन्या गेल्या असतील, तर व्होल्टेजकडे किंवा एलएनबीच्या वळणाकडे पाहावे.

एका गोष्टीने मात्र फसगत होते. एकाच उपग्रहावरच्या काही वाहिन्या लागतात आणि काही लागत नाहीत, तेव्हा डिश ठीक आहे असा समज होतो. डीव्हीबी-एस२ या प्रक्षेपणाच्या पद्धतीत क्यूपीएसके ३/४ ही साधी सांकेतिक रचना वाचायला आदर्श स्थितीत सुमारे ४ डेसिबलचे सिग्नल-गोंगाट गुणोत्तर पुरते, तर अधिक दाट ८पीएसके ३/४ ला सुमारे ८ आणि ८पीएसके ५/६ ला ९ च्याही वर लागते. म्हणजे डिश किंचित बाजूला पाहत असेल, तर साध्या वाहिन्या व्यवस्थित दिसतील आणि एचडी वाहिन्यांचे चौकोन पडतील. तपासणीसाठी नेहमी हा कठीण ट्रान्सपाँडर निवडावा, कारण सोपा ट्रान्सपाँडर चूक झाकून ठेवतो.

बिघाड नसलेले बिघाड

वाहिनीने उपग्रह किंवा फ्रीक्वेन्सी बदलली असेल, तर डिशचा काहीच दोष नसतो. त्याच उपग्रहावरचे इतर ट्रान्सपाँडर लागत असतील, तर आधी नव्याने शोध घ्यावा. मुसळधार पावसात कू-बँड जातो आणि पाऊस ओसरल्यावर परत येतो, तोही बिघाड नव्हे. सी-बँड पावसाला फारसा दाद देत नाही, त्यामुळे सी-बँड पावसात जात असेल, तर पाणी कोठे तरी शिरते आहे असे खुशाल समजावे.

वर्षातून दोनदा सूर्य उपग्रहांच्या बरोबर मागे येतो. पुण्यासाठी हे दिवस १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपासचे आहेत. त्या काळात काही दिवस, रोज ठरावीक वेळी काही मिनिटे सिग्नल पडतो, ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ साठी, म्हणजे डीडी फ्री डिशच्या उपग्रहासाठी, मार्चमध्ये ती वेळ सकाळी सव्वाअकराच्या सुमाराची असते. हाच सूर्य पुढे आपल्या कामी येणार आहे.

मग रिसीव्हरच्या मांडणीकडे वळावे. सी-बँड एलएनबीसाठी ५१५० आणि युनिव्हर्सल कू-बँड एलएनबीसाठी ९७५० व १०६०० हे फ्रीक्वेन्सी उतरवण्याचे (एलओ) मेगाहर्ट्झमधले आकडे बरोबर आहेत ना, कू-बँडच्या वरच्या पट्ट्यासाठी २२ किलोहर्ट्झचा स्वर चालू आहे ना, आणि डायसेक स्विचचा (अनेक एलएनबींतून एक निवडणाऱ्या स्विचचा) क्रमांक बदललेला नाही ना, हे पाहावे. मोटर युसाल्स पद्धतीवर, म्हणजे घराच्या जागेवरून प्रत्येक उपग्रहाची दिशा रिसीव्हरनेच काढण्याच्या पद्धतीवर, चालत असेल, तर रिसीव्हरमध्ये आपल्या घराचा अक्षांश-रेखांश असतो. सॉफ्टवेअर नव्याने भरल्यावर तो मूळपदी जातो किंवा पूर्वेऐवजी पश्चिम होतो, आणि मोटर इमानेइतबारे चुकीच्या दिशेला जाते.

केबल : दोन मीटरची कसोटी

सर्वांत जास्त सांगणारी आणि सर्वांत कमी केली जाणारी चाचणी अशी आहे की रिसीव्हर आणि एखादा लहान टीव्ही सरळ गच्चीवर न्यावा, मधले स्विच, भिंतीतले सॉकेट आणि जोड वगळावेत, आणि दोन मीटरच्या नव्या केबलने एलएनबी थेट जोडावा. जोडणी करताना रिसीव्हरचा प्लग काढलेला असावा, कारण केबलमध्ये १३ किंवा १८ व्होल्ट असतात आणि जाळीचा एक तंतू मधल्या तारेला टेकला, तरी रिसीव्हरचा वीजपुरवठा जाऊ शकतो. या जोडणीवर गुणवत्ता एकदम वाढली, तर पुढची मोठी झटापट टळली.

आरजी-६ केबलमध्ये १००० मेगाहर्ट्झला दर १०० मीटरमागे साधारण २० डेसिबल आणि २१५० मेगाहर्ट्झच्या आसपास ३० डेसिबलहून थोडा जास्त ऱ्हास होतो. वीस-पंचवीस मीटरच्या घरगुती केबलीत हा ऱ्हास एलएनबी सहज भरून काढतो. डिशच्या मोटरला खरा त्रास विजेच्या घसरणीचा होतो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बहुतेक केबलींची मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते आणि तिचा रोध भरीव तांब्याच्या चौपटीहून अधिक असतो. डायसेक मोटर फिरताना दोन-तीनशे मिलिअँपिअर ओढते, वर एलएनबीचे शंभर-दोनशे. लांब पोलादी केबलीत एवढ्या प्रवाहाने दीड-दोन व्होल्ट वाटेतच जातात. मग मोटर मध्येच थांबते, किंवा १८ व्होल्टचे ध्रुवीकरण काठावर येते आणि आडव्या वाहिन्या मधूनमधून जातात. मोटरपर्यंतची केबल भरीव तांब्याची आणि सलग एकाच तुकड्याची असणे, यावर केलेला खर्च नव्या एलएनबीपेक्षा अधिक फळतो असे माझे मत आहे.

फिरत्या डिशचा आणखी एक खास रोग आहे. डिश रोज वळते, तिच्याबरोबर केबलही वाकते, आणि काही वर्षांनी एलएनबीजवळ किंवा मोटरजवळ मधली तार आतल्या आत तुटते. तुटलेली टोके डिश पूर्वेला असताना एकमेकांना टेकतात आणि पश्चिमेला गेल्यावर ताण बसून विलग होतात. लक्षण हुबेहूब माउंट वळल्यासारखे दिसते, आणि या सारखेपणापायी अनेकांनी निर्दोष माउंट खोलले आहेत. ओळखण्याची खूण अशी की यात सिग्नल हळूहळू कमी होत नाही. विशिष्ट जागी तो एकदम शून्यावर येतो, आणि केबल हाताने हलवली की परत येतो. मोटरपाशी केबलीचा सैल वेटोळा ठेवावा, आणि त्याचा सर्वांत खालचा भाग कनेक्टरच्या खाली राहील असे पाहावे, म्हणजे पावसाचे पाणी कनेक्टरकडे न जाता तेथून गळून पडते. एफ कनेक्टर उघडल्यावर आत हिरवट किंवा काळे दिसले, तर तो पुसत बसू नये; केबल निरोगी तांबे दिसेपर्यंत कापून नवा कनेक्टर लावावा आणि त्यावर रबराची स्वतः चिकटणारी पट्टी गुंडाळावी.

सी-बँड आणि शेजारचा मनोरा

भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवा सुरू झाली, आणि तिच्या मुख्य पट्ट्यांपैकी एक ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा आहे. सी-बँड उपग्रहांचे बहुतेक प्रक्षेपण ३७०० ते ४२०० मध्ये असते. परंतु आपल्याकडचे कित्येक एलएनबी ३४०० पासूनच उघडे असतात. उपग्रहाचा अतिक्षीण सिग्नल पकडण्यासाठी बनवलेल्या या एलएनबीच्या कानाशी मनोऱ्याचा आवाज पडला, की तो बधिर होतो. ज्या सी-बँड डिश दहा-पंधरा वर्षे विनातक्रार चालल्या आणि २०२२ नंतर वस्तीजवळ मनोरा उभा राहिल्यावर ‘म्हाताऱ्या’ झाल्या, त्यांतल्या बऱ्याच मुळीच म्हाताऱ्या नाहीत.

याचे लक्षण असे की स्ट्रेंग्थ भरपूर, कधी पूर्वीपेक्षाही जास्त, आणि गुणवत्ता उड्या मारणारी. सी-बँड एलएनबी फ्रीक्वेन्सी उलटवतो, त्यामुळे ३७०० चा ट्रान्सपाँडर केबलमध्ये १४५० वर आणि ४२०० चा ९५० वर येतो. परिणामी खालच्या फ्रीक्वेन्सीचे ट्रान्सपाँडर केबलच्या ऱ्हासानेही आधी क्षीण होतात आणि ५जीनेही. भेद स्थिरतेवरून करावा : केबलमुळे कमी झालेली गुणवत्ता कमीच पण एका आकड्यावर राहते, ५जीच्या उपद्रवात ती अस्थिर असते, शिवाय डिश मनोऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या उपग्रहाकडे वळवली की सुधारते. उपाय म्हणून फक्त ३७०० ते ४२०० घेणारा, ५जी फिल्टर असलेला एलएनबी बसवावा, किंवा फीडहॉर्न आणि एलएनबी यांच्यामध्ये बसणारा धातूचा फिल्टर लावावा. एलएनबीच्या पुढे, केबलमध्ये लावायचे फिल्टर विकले जातात. ते घेऊ नयेत, कारण तोवर एलएनबी आतल्या आत आधीच भारलेला असतो.

छत्री आणि फीडहॉर्न

सगळे उपग्रह क्षीण आहेत, केबल आणि एलएनबी निर्दोष आहेत, असे ठरल्यावरच छत्रीकडे वळावे. फीडहॉर्नच्या तोंडावरचे प्लॅस्टिकचे झाकण उन्हाने तडकते, आत पाणी साठते किंवा गांधीलमाशा घर करतात. कू-बँडच्या एलएनबीचे झाकण नखाएवढे तडकले, तरी पहिल्या पावसात तो संपतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत जाळीच्या पाकळ्या बांधणाऱ्या क्लिपा गंजतात आणि पाकळी मागून सुटते. खालून पाहताना ती जागच्या जागीच दिसते.

छत्री वाकली आहे का, हे पाहण्यासाठी दोन दोऱ्या पुरतात. कडेच्या समोरासमोरच्या बिंदूंना एक दोरी आणि तिला काटकोनात दुसरी, अशा ताणून बांधाव्यात. छत्री सपाट बसलेली असेल, तर दोऱ्या मध्यभागी एकमेकींना जेमतेम टेकतात. मध्ये अंतर पडले किंवा एकीने दुसरीला दाबले, तर छत्री पिळलेली आहे. वरखाली अदलाबदल करूनही पाहावे, म्हणजे दोऱ्यांच्या जाडीची फसवणूक होत नाही. सी-बँडची लहर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे काही मिलिमीटरचे पोक तिला चालते. कू-बँडची लहर अडीच सेंटिमीटरची, तिला तेवढेही चालत नाही.

फीडहॉर्नचे अंतर मोजून घ्यावे. छत्रीच्या व्यासाचा वर्ग करून त्याला तिच्या खोलीच्या सोळापटीने भागले, की नाभीय अंतर मिळते. १८३ सेंटिमीटर व्यास आणि ३० सेंटिमीटर खोली असेल, तर ते ७० सेंटिमीटरला किंचित कमी येते. हे अंतर छत्रीच्या तळापासून फीडहॉर्नच्या तोंडाच्या किंचित आतपर्यंत मोजायचे असते. नाभीय अंतर भागिले व्यास येथे ०.३८ येते, आणि फीडहॉर्नवरची खाचांची चकती त्याच आकड्याच्या खुणेवर सरकवावी. फीडहॉर्न मधोमध आहे ना, हे पाहण्यासाठी कडेवरच्या चार बिंदूंपासून त्याच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजावे. चारही आकडे सारखे यायला हवेत. एक दांडा वानराने किंवा वाऱ्याने वाकवलेला असला, तर तो येथे सापडतो.

भूमिती : खरे दुखणे बहुधा येथेच असते

पुण्याहून पाहिले तर ८३ अंशांवरचा जीसॅट-३० क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंच दिसतो, ९३.५ वरचा जीसॅट-१५ ५९ अंश, १०५.५ वरचा एशियासॅट-७ ४८ अंश, पश्चिमेला ६८.५ वरचा इंटेलसॅट-२० ६७ अंश आणि ५७ वरचा एनएसएस-१२ ६१ अंश. बरोबर दक्षिणेला या कमानीचा माथा ६८.३ अंशांवर येतो. ही संपूर्ण कमान एकाच अक्षाभोवती फिरून गाठायची, तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात : खांब ओळंब्यात असणे, अक्ष बरोबर उत्तर-दक्षिण असणे, आणि अक्षाचा कल व डिक्लिनेशन हे दोन्ही कोन वेगवेगळे बरोबर असणे.

खांबापासून सुरुवात करावी. ओळंबा किंवा पाणसळ खांबाला एकमेकांशी काटकोन करणाऱ्या दोन बाजूंनी लावून पाहावी. गच्चीवरचा खांब बहुधा पायाशी सैलावतो, आणि येथली चूक नंतरच्या प्रत्येक मापात शिरते; तो सरळ झाल्याशिवाय पुढचे कोणतेच माप घेऊ नये.

मग अक्षाचा कल पाहावा. तो अक्षांशाइतका धरण्याची पद्धत आहे; पण उपग्रह अनंत अंतरावर नसल्याने त्यात थोडी दुरुस्ती लागते. पुण्यासाठी अक्ष क्षितिजापासून सुमारे १८.९ अंश उचललेला आणि डिक्लिनेशन २.८ अंश, नागपूरसाठी २१.६ आणि ३.२, पणजीसाठी १५.९ आणि २.३, असे आकडे येतात. दोन्हींची बेरीज ९० मधून वजा केली, की दक्षिणेकडची उंची मिळते. माझ्या पहिल्या चुकीचे मूळ हेच होते : बेरीज बरोबर असेल, तर दक्षिणेकडचा उपग्रह उत्तम लागतो, मग वाटणी कितीही चुकलेली असो. त्यामुळे दोन्ही कोन स्वतंत्रपणे, माउंटवरच्या छापील पट्टीवर विश्वास न ठेवता, डिजिटल कोनमापकाने मोजावेत. डायसेक मोटरला मात्र तिच्या नळीचा वाक आधीच दिलेला असतो, त्यामुळे डिशच्या पट्टीवर कोणता आकडा ठेवायचा, हे मोटरच्या पुस्तिकेतल्या अक्षांशाच्या तक्त्यावरूनच घ्यावे.

आता दिशा. दक्षिण ठरवण्यासाठी होकायंत्र वापरायला हरकत नाही, कारण महाराष्ट्रात चुंबकीय आणि खरी उत्तर यांत फार अंतर नाही. परंतु लोखंडी खांब, कठडा आणि टाकीची चौकट सुईला खुशाल ओढतात. ओळंब्याची सावली त्याहून विश्वासू असते. स्थानिक मध्यान्हाला ती बरोबर उत्तर-दक्षिण पडते, आणि पुण्यात हे मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेने नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास होते. हे काम हिवाळ्यात करावे. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, आणि जूनमध्ये तर ती दक्षिणेकडे पडते.

दिशेतली चूक किती महागात पडते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. माउंट तीन अंश वळलेला असेल, तर दक्षिणेकडच्या उपग्रहाला काहीच जाणवत नाही, ९३.५ ला डिश कमानीपासून सुमारे १.१ अंश आणि १०५.५ ला सुमारे १.७ अंश बाजूला पाहते. ९० सेंटिमीटरच्या कू-बँड डिशची दृष्टी जेमतेम दोन अंश रुंद असते, म्हणजे मध्यापासून एक अंश सरकताच निम्मी शक्ती जाते. सहा फुटी सी-बँड छत्रीची दृष्टी तीन अंशांच्या जवळ असते, म्हणून तीच चूक ती निमूटपणे पोटात घालते.

चूक कोणत्या बाजूची आहे, हे ठरवायला हाताचा हलका दाब पुरतो. डिश मोटरने पूर्वेच्या दूरच्या उपग्रहावर आणावी, मोटरने पुढे-मागे करून जास्तीत जास्त गुणवत्ता मिळवावी, आणि मग डिशची खालची, म्हणजे दक्षिणेकडची कड किंचित वर उचलून पाहावी; मग तीच किंचित खाली दाबावी. उचलल्याने सिग्नल वाढला, तर डिश कमानीच्या खाली पाहत आहे. दाबल्याने वाढला, तर वर. हेच पश्चिमेच्या दूरच्या उपग्रहावर करावे. पूर्वेला दाबावी लागते आणि पश्चिमेला उचलावी लागते, तर माउंट पूर्वेकडे वळला आहे. संपूर्ण माउंट खांबावर पश्चिमेकडे फिरवावा. उलट असेल, तर उलट. दोन्हीकडे उचलावी लागते, तर अक्षाचा कल थोडा वाढवून डिक्लिनेशन तेवढेच कमी करावे. दोन्हीकडे दाबावी लागते, तर कल कमी आणि डिक्लिनेशन जास्त. एका वेळी एकच बदल, तोही अर्ध्या अंशाहून कमी, आणि प्रत्येक बदलापूर्वी खांबावर पेन्सिलीने खूण. ही शिस्त कंटाळवाणी आहे खरी, पण खूण नसेल तर परतीची वाटच राहत नाही.

आता सूर्याचा उपयोग. १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आगेमागे एखाद-दुसरा दिवस सूर्य दिवसभर जवळजवळ उपग्रहांच्याच कमानीवरून चालतो. त्या दिवशी सी-बँड छत्री केवळ मोटरने सूर्याकडे वळवावी. फीडहॉर्नची सावली छत्रीच्या बरोबर मध्यावर पडली पाहिजे. मार्चमध्ये हे सकाळी सव्वादहाला, दुपारी पाऊण वाजता आणि दोनच्या सुमारास पाहिले, की अनुक्रमे १०५.५, दक्षिण आणि ५७ या जागा तपासून होतात, तेही कोणताही उपग्रह न लावता. सावली मध्याच्या दक्षिणेला पडली, तर डिश सूर्याच्या खाली पाहत आहे. ७० सेंटिमीटर नाभीय अंतर असेल, तर सव्वा सेंटिमीटर सरकलेली सावली एक अंशाची चूक सांगते. गुळगुळीत, चकचकीत पत्र्याची छत्री मात्र सूर्यासमोर थांबवू नये. तिच्या नाभीवरची उष्णता एलएनबी वितळवू शकते. ऑफसेट डिशलाही ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिचा फीड मध्याच्या समोर नसतो.

मोटर आणि तिची गणती

अ‍ॅक्च्युएटरच्या आत एक सेन्सर असतो, तो दांडा सरकताना स्पंद मोजतो, आणि पोझिशनर, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर चालवणारी पेटी, तेच आकडे लक्षात ठेवतो. सेन्सरची तार मोटरच्या तारेला लगटून गेली असेल, तर मोटरच्या ठिणग्यांचे खोटे स्पंद मोजले जातात. सेन्सरवरचे चुंबक सैल झाले असेल, तर खरे स्पंद गळतात. दोन्हींत सगळे उपग्रह एकाच दिशेने सरकतात. सेन्सरसाठी आवरण असलेली वेगळी तार घालून आवरणाचे फक्त पोझिशनरकडचे टोक जमिनीला जोडावे. मग डिश एका टोकाच्या लिमिट स्विचपर्यंत (टोकाला मोटर थांबवणाऱ्या स्विचपर्यंत) नेऊन गणती शून्यावर आणावी आणि जागा पुन्हा साठवाव्यात. लिमिट स्विच डिश खांबाला धडकण्यापूर्वी लागतो आहे ना, हे आधी पाहिलेले बरे.

डिश हाताने पूर्व-पश्चिम हलवली असता खळखळ होत असेल, तर दांड्याच्या दोन्ही टोकांचे बोल्ट आणि अक्षाच्या बुश झिजल्या आहेत. अशा डिशवर पूर्वेकडून आल्यास एक जागा मिळते आणि पश्चिमेकडून आल्यास दुसरी, आणि वाऱ्यात सिग्नल झोके घेतो. दांड्याच्या खालच्या बाजूचे पाणी जाण्याचे छिद्र गंजाने बुजते. ते तारेने मोकळे करावे, नाहीतर आतला स्क्रू गंजून मोटर दरवेळी वेगळ्या ठिकाणी थांबते. डायसेक मोटरच्या बाबतीत बहुधा नळीवरची डिशची पकड सरकलेली आढळते. मोटर तिच्या शून्यावर नेऊन डिश आणि नळी एका रेषेत आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी कळते.

शेवटचा नट आवळताना

सर्व कोन जुळल्यावर नट आवळायला सुरुवात केली, की गुणवत्ता पुन्हा घसरते, कारण आवळण्याच्या पिळाने माउंट पाव-अर्धा अंश सरकतो. म्हणून टीव्ही गच्चीवरच ठेवावा, पूर्वेच्या टोकाचा कठीण ट्रान्सपाँडर लावावा आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने, दर खेपेस पाव फेरा असे आवळावेत. आकडा खाली आला, तर शेवटचा नट सैल करून समोरचा आधी आवळावा. मग पश्चिमेच्या टोकाला जाऊन आकडा पाहावा. दोन्ही टोके जुळली, की सर्व जागा रिसीव्हरमध्ये नव्याने साठवाव्यात, पहिल्या दिवशीच्या कागदावर नवे आकडे जुन्यांशेजारी लिहावेत, आणि नटांच्या उघड्या आट्यांवर ग्रीसचा हात फिरवूनच गच्चीवरून उतरावे.